कुत्र्याचं माहेर

शेपटीच्या टोकापासून चार बोटं अलीकडं, केसांच्या खाली, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. डोळ्यांना ती दिसायची नाही. शेपटी मुठीत धरून तेलाचा हात वरून खाली ओढला की मधेच बोटाला अडायची. पेठ वडगावच्या त्या घरात मी आले तेव्हा माणसांची नावं पाठ व्हायच्या आधी ही गाठ मला पाठ झाली. म्हाताऱ्या सरदारला ती होती, त्याच्या नातीला, ताराला, होती, आणि सोप्यात देवांच्या शेजारी ज्याचा फोटो टांगला होता त्या मल्हारलाही होती म्हणे. मल्हार हा त्या घराचा मूळपुरुष. म्हणजे कुत्रा, पण त्याचं नाव आजोबा-पणजोबांच्या ओळीतच घेतलं जायचं. दसऱ्याला त्याच्या फोटोला झेंडूचा हार असायचा, आणि नव्या माणसाला घर दाखवताना अण्णा आधी मल्हार दाखवायचे, मग स्वतःचे वडील.

अण्णा म्हणजे माझ्या ताईचे सासरे. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकाम करता करता म्हातारे झालेले, हातांवर भाजल्याचे पांढरे ठिपके, आणि आवाज असा की दोन वावरं पलीकडच्या माणसाशी ते घरात बसूनच बोलायचे. त्यांच्याकडं कारवानी कुत्री होती. लांब पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड, आणि पळायला लागली की जमिनीला पाय लागतो की नाही असं वाटायला लावणारी. ही जात भुंकत फार नाही, नुसती बघते. मी पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा तारानं मला असं वरपासून खालपर्यंत बघितलं की मला वाटलं, ही आता विचारणार, किती दिवस राहणार आहेस?

आणि त्याचंच तर मला उत्तर माहीत नव्हतं. आमचं गाव लातूरकडं. आई लवकर गेली, वडील शिंपीकाम करायचे, हायस्कूल दुसऱ्या गावी. नववीत माझी शाळा सुटली आणि मी वडिलांच्या मशीनशेजारी काजं-बटणं करायला बसले. ताईच्या बाळंतपणाला कुणीतरी माहेरचं हवं म्हणून मला कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं. बाळंतपण झालं, बाळाचं बारसं झालं, बाळ पालथं पडायला लागलं. जा असं मला कुणी म्हणालं नाही, राहा असंही कुणी म्हणालं नाही. म्हणून मी कामं शोधून शोधून करायचे. कुणी ताट पुढं सरकवलं की आधी मनात हात जोडायचे आणि मग घास घ्यायचे. आजही कुणाच्या घरी जेवायला बसले की ती सवय आतून डोकं वर काढते. मला तिची लाज वाटत नाही. ज्याला फुकट काही मिळत नाही हे लहानपणीच कळतं, त्याला अन्नाची चव जरा जास्तच लागते.

सकाळी दाजींची स्कूटर शिरोलीच्या रस्त्याला लागली की घर थोडं शांत व्हायचं. मग आक्का, म्हणजे ताईच्या सासूबाई, चुलीवर मक्याच्या कण्या रटरटत ठेवायच्या. त्या कुत्र्यांसाठी. आमच्यासाठी भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली वांगी. कण्या गार झाल्या की त्यात ताक आणि अंडं घालून मी पितळेच्या परातीत ओतायचे. रविवारी करंजाच्या तेलानं सगळ्यांची अंगं चोळायचे. त्या तेलाचा कडवट वास माझ्या हातांना कायमचा चिकटला होता. मी म्हणायचे, "आक्का, तेल लावायलाव," की आक्का हसून कोसळायच्या. "लावायलाव म्हणं! अगं, लावालोय म्हण. ह्या मराठवाड्याच्या पोरीला कुणीतरी मराठी शिकवा गं!" मी मान खाली घालून पुन्हा म्हणायचे, लावालोय. मग त्या म्हणायच्या, "लावालोय काय, तू बापय हाईस? बाई मानसानं लावालीया म्हणायचं." मला खात्री आहे की हे नियम त्या जागच्या जागी तयार करायच्या.

अण्णांचा स्वतःचा एकच नियम होता. बाहेरचं रक्त घरात येऊ द्यायचं नाही. ते काही अडाणीपणानं कुत्र्यांची जोडी लावायचे नाहीत. सख्ख्या भावाला बहीण त्यांनी कधी दिली नाही. पण नातीला आजा, पुतणीला चुलता, अशी उलट्या दिशेनं जोडी लावली की गेलेलं माघारी येतं, असं ते सांगायचे. "मल्हार मेला व्हय? मेला न्हाय. सरदारच्या डोळ्यांत बघ. त्योच हाय." आणि ते खोटं नव्हतं, हे मी आज इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगते. जवळच्या नात्यात जोडी लावली की रूप पक्कं होतं. तीच मान, तीच उडी, तीच नजर पिढ्यान्‌पिढ्या ओतीव मालासारखी निघते. फक्त चांगलं जसं पक्कं होतं तसं आत दडलेलं वाईटही पक्कं होत जातं, आणि ते दिसायला उशीर लागतो. दिसायला लागतं तेव्हा माणूस म्हणतो, औंदाची हवाच वाईट.

मी आले त्याच्या आधीची दोन वेतं अशी हवेवर घालून झाली होती. माझ्यादेखत तारा व्याली ते तिसरं. तिला तिचा आजा सरदारच दाखवलेला. दोनच पिल्लं झाली. एक निपचित. दुसऱ्याचा खालचा जबडा वाकडा, त्याला आचळ धरताच यायचं नाही. मी कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात दूध पिळत बसायचे. ते जीव तोडून ओढायचं, पण दूध नाकातून बाहेर यायचं. एके दुपारी माझ्या ओच्यातच ते गार झालं. अण्णांनी खड्डा काढला, माती ओढली आणि सरदारला तेल लावत बसले. शेपटीला हात गेला तेव्हा तो गाठीपाशी थांबलेला मी बघितला.

जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तारा आता उताराला लागली आहे, फार तर दोन माज चांगले मिळतील, आणि बाहेरचा नर आणा. मल्हारच्या घराण्यातली वेणारी ती एकटीच दारात उरली होती. ती गेली की फोटो तेवढा राहणार. तरी अण्णा हटून बसले होते. जेवताना दाजींनी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

"अण्णा, एक इचारू? भट्टीत सगळं घरचंच भंगार घाटलं तर काय हुतंय?"

"माल ठिसूळ येतोय. नवं लोखंड घालाय लागतंय. तुला म्या शिकवलंय की त्ये."

"व्हय. म्हणूनच इचारलं," असं म्हणून दाजींनी आमटी ओरपली.

अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. "लई शाणा झालाईस," म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी ते नर शोधायला बाहेर पडले.

इथं त्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या लोकांत कुत्रं विकत नसत. द्यायचं. लग्नात, वास्तुशांतीला, मैत्रीखातर, पिल्लाच्या गळ्यात दोरी आणि हातात नारळ देऊन. घेणारा घरी नेऊन त्याचं नाव बदलायचा, कारण दुसऱ्याच्या दारचं नाव आपल्या दारात कसं हाकारायचं? आणि दिलेल्या कुत्र्याचं माहेर कधी विचारायचं नाही. विचारलं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेतला. अण्णांनी आयुष्यभर अशी पिल्लं वाटली होती, हुपरीपासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. कुणाकडं गेली, त्यांची पुढं काय नावं झाली, त्यांची पिल्लं कुणाला गेली, हे विचारणं रीतीतच नव्हतं.

निपाणीच्या पुढं बाळगोंडा नावाचे तंबाखूचे व्यापारी होते. त्यांच्याकडं सुलतान नावाचा नर आहे, असा बैलासारखा खांदा नाही पंचक्रोशीत, असं कळलं. अण्णा बघून आले आणि तोंडभर हसत म्हणाले, "आगदी आपल्या मल्हारवानी हाय गं!" तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्ही सगळेच खूश झालो. तारा माजावर आली तसा निरोप गेला आणि बाळगोंडाकाका सुलतानला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून घेऊन आले. स्वतः मागं बसून.

"या पावणं, या! गाडीला लई धूळ लागली की."

"धूळ आमची न्हवं अण्णा, तुमच्या वडगावच्या रस्त्याची. आमच्याकडं डांबर हाय."

आक्का तांब्या घेऊन पुढं झाल्या. "आधी जावयाचे पाय धुवा, मग डांबराचं बघू." नर दारात आला की त्याचे पाय धुवायचे आणि कपाळापासून शेपटीच्या टोकापर्यंत हळदीचं बोट ओढायचं, अशी त्या घरची पद्धत. आक्कांचे गुडघे दुखायचे, म्हणून हळदीची वाटी माझ्या हातात आली. सुलतान खरंच देखणा होता. मी कपाळाला बोट लावलं, मानेवरून पाठीवर आणलं, पाठीवरून शेपटीवर. आणि टोकापासून चार बोटं अलीकडं माझं बोट अडलं.

मी पुन्हा हात फिरवला. गोचीड असेल म्हणून केस फिसकारून बघितलं. ती गाठच होती, तीच, तिथंच. स्वयंपाकघरात जाऊन मी आक्कांच्या कानात सांगितलं. त्या पदर सावरत बाहेर गेल्या, सुलतानला कुरवाळल्यासारखं करून आल्या. "आई अंबाबाई," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गप बस आता. पानं वाढल्याती, पावणं बसल्यात." मला गप बस म्हणाल्या खऱ्या, पण कढईतली पुरी काढायची विसरल्या, ती काळी होईपर्यंत दोघी तिच्याकडं बघत होतो.

मी पुरणाची वाटी घेऊन सोप्यात गेले. दुसऱ्याच्या घरात, आलेल्या पाहुण्यासमोर, परक्या मुलखात, ज्यांच्या भाकरीवर मी जगत होते त्यांच्या पंगतीत मी तोंड उघडलं तर संध्याकाळच्या गाडीत बसवून देतील, असं मला नक्की वाटत होतं. पण दारातून तारा दिसत होती. आणि ओच्यात गार झालेल्या त्या पिल्लाचं वजन मला अजून मांडीवर जाणवत होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "सुलतानच्या शेपटीला गाठ आहे."

"गोचीड आसंल. काढून टाक."

"गोचीड नाही अण्णा. आपली गाठ आहे."

ताई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं झटकन वर बघितलं. अण्णा उष्ट्या हातानं तसेच उठले, अंगणात गेले, डाव्या हातानं सुलतानची शेपटी धरली. एकदा हात ओढला. दुसऱ्यांदा ओढला नाही. माघारी येऊन पानावर बसले आणि इतक्या हळू आवाजात बोलले की आम्हाला तो आवाज त्यांचा वाटेना.

"पावणं, ह्येचं माहेर कुठलं?"

बाळगोंडाकाकांचा घास हातात राहिला. "अण्णा, ह्ये तुम्ही इचारालाईसा? तुम्ही?"

"मीच इचारालोय."

"उठू काय मी पानावरनं?"

"उठू नगा. मी पाया पडतो तुमच्या. पण सांगा."

काकांनी घास पानात ठेवला. मला वाटलं, झालं. पण अण्णांच्या तोंडाकडं बघून त्यांचा राग खाली बसला असावा. म्हणाले, "ह्येची आई मला माझ्या मेव्हण्यानं दिलती. त्येला हुपरीच्या एका पैंजणवाल्यानं. दारात पिंपळ हाय बगा त्येच्या."

"त्या पिंपळाखाली मी सोता नारळ घिऊन उभा हुतो," अण्णा म्हणाले. "त्येच्या पोरीच्या लग्नात. आणि बाप?"

"बाप तुमच्या वडगावच्या बाजारात एकानं दिला. त्यो तर तुमच्याकडचाच आसंल म्हणून मला वाटलं तुम्हाला ठावं हाय." एवढं बोलून ते थांबले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी अण्णा, तुमचंच लेकरू तुमच्या दारात जावई म्हणून आणलं की ओ मी! आणि वर पाय धुऊन घेटलं!"

आधी दाजी हसले, मग आक्का आतून हसल्या. शेवटी अण्णाही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. पोटभर जेवून, कपाळाला हळद तशीच घेऊन सुलतान पुढच्या सीटवर बसून परत गेला. ताराचा तो माज रिकामा गेला. आता एकच उरला होता.

पुढं कितीतरी दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मी भांडी दोनदा घासायचे, अंगण दोनदा झाडायचे. मग एका सकाळी मी कण्या ओतत होते तेव्हा मागून आवाज आला, नेहमीचा, दोन वावरं ओलांडणारा. "निर्मे! तुमच्या मुलखात असली कुत्री हाईत काय?"

"हायेत की. धनगरांकडं. पण त्यांच्या फोटोला हार नसतोय."

"फोटो कुणाला बघायचाय? शेपूट बघायचीय. चल."

चल म्हणजे मीही. मला तेव्हा एकच अर्थ कळला. कुत्रा आणायचा आणि मला ठेवून यायचं, एका खेपेत दोन कामं. मी माझे सगळे कपडे, फणी, बाळानं चावलेली माझी एक बांगडीसुद्धा बोचक्यात बांधली. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. भाड्यानं केलेल्या जीपमध्ये अण्णा म्हणाले, "येवढं बोचकं कशाला? लगीन लागालंय काय तुजं?" मी खिडकीबाहेर बघितलं. उसाची हिरवी भिंत संपली, मग काळी उघडी रानं सुरू झाली. माझा मुलूख येत होता आणि मला रडू येत होतं, हे मी आजवर कुणाला नीट समजावून सांगू शकले नाही.

वडील अंगानं उतरले होते. त्यांनी पाहुण्यांसाठी धपाटे करायला शेजारणीला सांगून ठेवलं होतं. जेवून आम्ही माळावर गेलो. गणपा नावाचा धनगर घोंगडी पसरून बसला होता आणि त्याच्या मेंढरांच्या कडेनं एक भुरा, उंच, एक कान फाटलेला कारवानी फिरत होता. नाव दगडू. अण्णांनी सवयीनं जीभ चावली, पण गणपानं विचारायच्या आधीच सुरू केलं, "ह्याची माय आपल्याच कळपातली. बाप बिदरच्या अंगाचा, तिकडनं येतेत मेंढरंवाले. आज्जा माहीत न्हाई. माहीत न्हाई तर खोटं कशाला सांगू?" अण्णा अवाक होऊन ऐकत होते. माणूस इतक्या सहज कुत्र्याचं माहेर सांगतो, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं. शेपटीवरून मी हात फिरवला. वरून खाली, थेट टोकापर्यंत, कुठंही न अडता.

निघताना वडिलांनी हात जोडले. "निर्मलाला ठिवून घेऊ का आता इथं? तुमच्यावर किती दिस भार घालावा."

माझ्या हातात गणपानं सोपवलेली दगडूची दोरी होती. अण्णांनी आधी जीपमधल्या बोचक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांना तेव्हा ते बोचकं कळलं. "ह्या कुत्र्याला मला इचारता येत न्हाय," ते वडिलांना म्हणाले, "पण पोरगीला येतंय की. तिलाच इचारा. ऱ्हायली तर तुमची, आली तर आमची, आणि दोन्हीकडची म्हणाली तर लईच झ्याक. बाहेरचं मानूस घरात आलं म्हणून तर माज्या घराला गाठ कळली."

मी दोरी सोडली नाही, एवढंच. वडील दुकानात गेले आणि चिंध्यांची वाकळ घेऊन आले. ती त्यांनी जीपच्या मागच्या सीटवर अंथरली. "दोघांना बसायला," म्हणाले. सबंध वाटेत दगडू माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता. घरी पोचल्यावर आक्कांनी माझं बोचकं सोडलं, एकेक कपडा झटकून खुंटीवर टांगला आणि म्हणाल्या, "जा, कण्या गार झाल्याती. नव्या जावयाला घाल." त्या दिवसानंतर मी किती दिवस राहणार, हा प्रश्न माझ्या मनात उमटला नाही.

तारा भरदुपारी व्याली. सात पिल्लं. भुरी, काळी, एकाच्या कानावर झुपकेदार केस, एकाचे पंजे पांढरे. अण्णा उकिडवे बसून एकेकाकडं बघत होते. "यातलं एक बी मल्हार न्हाय," म्हणाले. मग आक्का वाकल्या. "आवो, पर दूध बघा कसं ओढालंय!" सातही तोंडं आचळांना अशी भिडली होती की चुकचुक आवाज सोप्यापर्यंत ऐकू येत होता. अण्णांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "ओढू दे," म्हणाले. मी सातही शेपट्यांवरून बोट फिरवलं. सहा सरळ होत्या. एकीला, पांढऱ्या पंजाच्या पिल्लाला, गाठ होती, अगदी मोहरीएवढी. मी अण्णांचा हात धरून तिथं नेला. म्हातारा माणूस मग रडला, आणि मल्हारच्या फोटोकडं बघून म्हणाला, "येवढं बास झालं."

ती पिल्लं दिली तेव्हा अण्णांनी रीत मोडली. नारळ दिला, आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आई तारा, बाप दगडू, लातूरकडचा, आज्जा बिदरच्या अंगाचा, पणजा माहीत न्हाय. दगडूचं नावही त्यांनी बदलू दिलं नाही. लोकांनी तोंडं मुरडली, मग हळूहळू स्वतःही सांगायला लागले. आता शहरातली मुलं मला फोन करून विचारतात, आजी, प्युअर लाइनचं पिल्लू आहे का? त्यांच्याकडं रक्त तपासून सगळं सांगणारी यंत्रं आहेत, ती चांगलीच गोष्ट आहे. मी त्यांना सांगते, शुद्ध हवं तर घ्या, पण आधी विचारा. चार पिढ्यांत एकच नाव फिरून फिरून येत असेल तर नारळ परत करा.

अण्णा गेले, आक्का गेल्या. पुढं माझं लग्न याच गावात झालं आणि ती कुत्री माझ्याकडं आली. परवा कुणाच्या तरी बारशाला गेले होते. शेजारी बसलेल्या नव्या सुनेनं माझ्या बोलण्यातला परका हेल ऐकला आणि कुजबुजत, चुकतंय की काय अशा भीतीनं विचारलं, "आजी, तुमचं माहेर कुठलं हो?" मी तिला जवळ ओढलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.